टेबलाभोवतीची एक खुर्ची

काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या एका मित्राचा फोन आला. मंगळवारी सकाळी दहा वाजता ऑफिसातून दोन तास निघता येईल का, म्हणून विचारत होता. त्याच्या सात वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे. शाळेने मीटिंग बोलावली होती आणि त्यात काहीतरी मोठं ठरणार असा वास त्याला आला होता. नियमाप्रमाणे आईवडील आपल्याबरोबर मुलाला ओळखणारं आणखी कोणी आणू शकतात. "तू फक्त लिहून घे, आम्हाला दोघांना ऐकणं आणि लिहिणं एकदम जमत नाही," तो म्हणाला.

गेलो. लांबट टेबलाभोवती वर्गशिक्षिका, स्पेशल एज्युकेशनच्या शिक्षिका, मानसशास्त्रज्ञ, स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सोशल वर्कर आणि सगळ्यांवर देखरेख करणारी एक बाई. एवढ्यांच्या समोर आम्ही तिघं. प्रत्येकाच्या पुढ्यात छापील रिपोर्ट. मित्राच्या बायकोच्या मांडीवर दोनशे पानी वही, सांगलीहून येताना बॅगेत टाकलेली. आत शिरण्यापूर्वी पार्किंग लॉटमध्ये ती मला म्हणाली होती, "भाऊजी, ही सगळी शिकलेली माणसं. आपण काय सांगणार त्यांना? म्हणतील तिथे सही करून टाकू."

त्या टेबलाभोवती तिची खुर्ची होती ही गोष्ट तेव्हा मला अगदी साधी वाटली होती. मुलाची मीटिंग आहे, म्हणजे आई असणारच की! नंतर थोडं वाचन केलं तेव्हा कळलं की या खुर्चीचा इतिहास मोठा आहे, आणि ती कोणी आपणहून पुढे सरकवलेली नाही.

या इतिहासाची सुरुवात मी अमेरिकेऐवजी नॉर्वेपासून करतो. का, ते पुढे कळेलच.

१९३४ साल, गाव ओस्लो. बोर्ग्नी एगेलंड नावाच्या बाईंना दोन मुलं होती, एक मुलगी आणि एक मुलगा. जन्मली तेव्हा दोन्ही चांगली होती, पण वाढीत मागे पडत गेली. बाईंनी डॉक्टरांचे उंबरे झिजवले. बाईंचं एक निरीक्षण होतं: मुलांच्या लघवीला एक विचित्र, कुबट वास येतो. याचा मुलांच्या स्थितीशी काही संबंध असेल का? वर्षानुवर्षं कोणी लक्ष दिलं नाही. आई म्हटल्यावर काहीतरी बोलायचीच, आणि लंगोट बदलणारीच्या नाकाला काय शास्त्रीय किंमत असणार! शेवटी आस्ब्यर्न फॉलिंग नावाच्या डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं. हे डॉक्टर रसायनशास्त्रही शिकलेले होते. त्यांनी लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, तर द्रावण हिरवंगार झालं. असं व्हायचं काही कारण नव्हतं. मग त्यांनी बाईंना आणखी लघवी आणायला सांगितलं. बाई लिटरच्या लिटर आणत राहिल्या आणि डॉक्टर शुद्धीकरण करत राहिले. त्यातून निघालं फिनाइलपायरुविक आम्ल. अन्नातल्या फिनाइलॲलनिन नावाच्या घटकाचं शरीरात पचन होत नाही, तो रक्तात साठतो आणि वाढत्या मेंदूला इजा करतो. या आजाराला आज पी.के.यू. म्हणतात. मतिमंदत्वाच्या एका प्रकाराचं रासायनिक कारण असं उघड्यावर आलं, आणि त्याचा धागा एका आईच्या नाकाने पकडला होता.

एगेलंडबाईंच्या मुलांना याचा उपयोग झाला नाही, उशीर झाला होता. १९५१ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या मुलांच्या हॉस्पिटलात अशीच एक आई आपल्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. आजार कळला, पण उपचार नाही, असं सांगितल्यावर ती गप्प बसली नाही. रोज सकाळी लॅबच्या दाराशी येऊन उभी राहायची, काहीतरी करा म्हणून. डॉ. होर्स्ट बिकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवटी फिनाइलॲलनिन जवळजवळ काढून टाकलेलं अन्न बनवलं, आणि मुलगी सुधारू लागली. सतत रडणं आणि डोकं आपटणं थांबलं, ती रांगायला आणि उभी राहायला लागली.

तिसरा अध्याय अमेरिकेतला. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचे रॉबर्ट गथ्री हे संशोधक तर होतेच, पण मतिमंद मुलाचे वडील आणि पी.के.यू. झालेल्या भाचीचे काकाही होते. १९६०च्या सुमारास त्यांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर करता येईल अशी स्वस्त चाचणी शोधली. १९६३ साली मॅसॅच्युसेट्सने ती सक्तीची केली. आज अमेरिकेत जन्मलेल्या बाळाची टाच टोचून गाळणकागदावर जे रक्ताचे ठिपके घेतात, ते इथून आले. आपल्या इथल्या किती मराठी घरांत "अगंबाई, एवढ्याशा जिवाला कशाला टोचतात!" म्हणून आज्या हळहळल्या असतील. त्यांना ही गोष्ट सांगायला हवी.

म्हणजे एका आईने लक्षण सांगितलं, दुसऱ्या आईने उपचाराचा तगादा लावला आणि एका बापाने चाचणी शोधली. मी इंजिनिअर माणूस. आमच्याकडे याला फील्ड रिपोर्ट म्हणतात. यंत्र कारखान्यात कितीही तपासा, ते रोज वापरणाऱ्याला जे दिसतं ते टेस्ट बेंचवर दिसत नाही.

* * *

पण पी.के.यू. हा अपवाद. एकंदर काळ फार वेगळा होता. पर्ल बक यांचं नाव तुम्हाला माहीत असेल, 'द गुड अर्थ' लिहिणाऱ्या, १९३८च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी. त्यांची मुलगी कॅरल १९२० साली चीनमध्ये जन्मली. ती मागे आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी डॉक्टर पालथे घातले आणि १९२९ साली तिला न्यू जर्सीतल्या व्हाइनलंड गावच्या संस्थेत ठेवलं. तिथला खर्च भागवणं हे त्यांच्या लिहिण्यामागचं एक मोठं कारण होतं. कॅरलला पी.के.यू. होता हे खूप नंतर कळलं. ती जन्मली तेव्हा या आजाराचं नावही कोणाला ठाऊक नव्हतं. वीस वर्षं बकबाईंनी जाहीरपणे या मुलीबद्दल अवाक्षर काढलं नाही. नोबेल मिळालेली बाईसुद्धा! १९५० साली त्यांनी एका मासिकात आणि मग छोट्या पुस्तकात ही हकीकत लिहिली, तेव्हा देशभरातून आईबापांच्या पत्रांचा पाऊस पडला.

त्या काळी अमेरिकेत असं मूल जन्मलं की बहुतेक डॉक्टरांचा सल्ला ठरलेला असे: संस्थेत ठेवा आणि विसरून जा, दुसरं मूल होऊ द्या. १९६७च्या सुमारास अशा सरकारी संस्थांमध्ये १ लाख ९० हजारांहून अधिक माणसं होती. आत काय चालतं ते १९६८ साली पेनसिल्व्हेनियातल्या पेनहर्स्टबद्दल आणि १९७२ साली न्यूयॉर्कच्या विलोब्रुकबद्दल टीव्हीवर दाखवलं गेलं. उघडी, घाणीत बसलेली, खाटांना बांधलेली मुलं बघून लोक हादरले. त्याचं वर्णन इथे करत नाही. आपला शेजारी देवळात, चर्चमध्ये जाणारा सज्जन माणूस असूनही दोन मैलांवर हे चालू शकतं, एवढंच लक्षात ठेवायचं.

१९५० सालच्या शरद ऋतूत मिनिआपोलिसमध्ये ठिकठिकाणचे पालक-गट एकत्र आले आणि त्यांनी देशव्यापी संघटना काढली. आज ती 'द आर्क' म्हणून ओळखली जाते. त्यांचं पहिलं काम काय असेल? चर्चच्या तळघरात, कोणाच्या तरी गॅरेजमध्ये वर्ग भरवणं. सरकारी शाळा घेत नाही ना, मग आपणच शिकवू!

इथे आपल्याला मान थोडी ताठ करायला जागा आहे. मुंबईत जय वकील आणि होरमसजी वकील या पारशी जोडप्याने आपल्या डीना नावाच्या मुलीसाठी हेच १९४४ साली केलं होतं. डीनाला डाउन सिंड्रोम होता. घरात सुरू झालेल्या त्या वर्गाचीच पुढे शिवडीची जय वकील शाळा झाली. दोन्ही देशांत पायाचा दगड आईबापांनीच ठेवला. फरक पुढे पडला, आणि तो कायद्यामुळे.

* * *

कायद्याकडे वळण्यापूर्वी एक कडू प्रकरण सांगायला हवं, कारण माझ्या मित्राच्या घराशी त्याचा थेट संबंध आहे.

१९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची वर्णनं देऊन ऑटिझमला नाव दिलं. या मुलांचे आईबाप थंड, पुस्तकी असतात, असंही त्यांनी नोंदवलं आणि पुढे एका लेखात त्यासाठी रेफ्रिजरेटरची उपमा वापरली. ती उपमा चिकटली. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात आईबापांच्या, विशेषतः आईच्या, नकाराने मूल स्वतःच्या कोशात जातं असं ठासून मांडलं. म्हणजे मूल बोलत नाही याचं दुःख होतंच, आता ते आपल्यामुळे बोलत नाही ही वरून शिक्षा! एक संपूर्ण पिढीभर आया डॉक्टरांकडे मुलाला घेऊन जात आणि उपचाराची गरज तुम्हालाच आहे असं ऐकून परत येत. जिला गुन्हेगार ठरवलंय तिच्या निरीक्षणाला कोण विचारणार?

हे खोडून काढलं एका बापानेच. बर्नार्ड रिमलंड हे कॅलिफोर्नियात नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. मुलगा मार्क १९५६ साली जन्मला. घरात दिसत होतं ते आणि पुस्तकात लिहिलं होतं ते जुळेना, म्हणून त्यांनी उपलब्ध सगळं संशोधन वाचून काढलं. १९६४ साली त्यांचं पुस्तक आलं: ऑटिझमची मुळं जैविक आहेत, आईच्या वागण्यात नाहीत. प्रस्तावना खुद्द कॅनर यांची. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी पालकांसाठी एक प्रश्नावली जोडली होती. ठिकठिकाणचे आईबाप ती भरून त्यांना टपालाने पाठवायला लागले. कोणाचं मूल कधी बोललं, कधी बोलणं थांबलं, कशाला घाबरतं, काय खातं... तोवर प्रत्येक घरात एकेकटी पडलेली निरीक्षणं एका टेबलावर जमा झाली. १९६५ साली न्यू जर्सीतल्याच टीनेक गावात पालकांची बैठक भरली आणि ऑटिस्टिक मुलांसाठीची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९६९ साली कॅनर त्या संघटनेच्या सभेत आले आणि भर सभेत त्यांनी आईबापांना दोषमुक्त जाहीर केलं.

गोष्ट इथे संपली असती तर फार गोड झाली असती. पण याच रिमलंड यांनी पुढे लसींमुळे ऑटिझम होतो या मताला बळ दिलं. १९९८ साली लंडनच्या अँड्र्यू वेकफिल्ड यांचा तसा शोधनिबंध आला, अनेक पालकांनी तो डोक्यावर घेतला, नंतरच्या मोठमोठ्या अभ्यासांत असा संबंध सापडला नाही, आणि २०१० साली 'लॅन्सेट'ने तो निबंध मागे घेतला. मधल्या काळात कितीतरी मुलांचं लसीकरण चुकलं. पुन्हा माझ्या धंद्यातली भाषा वापरतो: गिऱ्हाइकाची तक्रार जवळजवळ नेहमी खरी असते, गिऱ्हाइकाने सुचवलेलं कारण खरं असेलच असं नाही. आईचं नाक आणि फॉलिंगचं फेरिक क्लोराइड, दोन्ही हवीत. पहिल्याला हसणारे डॉक्टर आणि दुसऱ्याला झिडकारणारे पालक, सारखंच नुकसान करतात.

* * *

आता खुर्चीकडे.

१९७०च्या सुमारास पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात अशी सोय होती की ज्याचं मानसिक वय पाच वर्षांचं झालेलं नाही असं मूल शाळा नाकारू शकते. जानेवारी १९७१मध्ये तिथल्या पालक-संघटनेने काही कुटुंबांना बरोबर घेऊन फेडरल कोर्टात दावा लावला. वकील टॉमस गिलहूल. यांचा सख्खा भाऊ पेनहर्स्टमध्ये होता. म्हणजे वकीलही घरचाच. त्यांनी १९५४च्या ब्राउन खटल्याचा आधार घेतला. काळ्या मुलांना शाळेपासून वेगळं ठेवणं घटनाविरोधी, तर या मुलांना शाळेबाहेरच ठेवणं कसं चालेल? तज्ज्ञांच्या साक्षी इतक्या ठाम होत्या की राज्याने फार न लढता तडजोड मान्य केली. ६ ते २१ वयाच्या प्रत्येक मतिमंद मुलाला मोफत सरकारी शिक्षण मिळेल, आणि मुलाला कुठे बसवायचं हे बदलण्यापूर्वी आईबापांना नोटीस देऊन त्यांचं म्हणणं ऐकलं जाईल. १९७२ साली वॉशिंग्टन डी.सी.च्या मिल्स खटल्यात न्यायाधीशांनी पुढची पळवाटही बंद केली. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. पैसे अपुरे असतील तर झळ सगळ्यांना सारखी बसली पाहिजे, एकट्या या मुलांना नाही.

या दोन निकालांच्या जोरावर २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी कायद्यावर सही केली. त्या वेळी संसदेपुढे आकडा होता ऐंशी लाखांहून अधिक अपंग मुलांचा. त्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलांना योग्य शिक्षण मिळत नव्हतं आणि दहा लाख तर शाळेबाहेरच होती. कायद्याने प्रत्येक मुलासाठी एक लेखी आराखडा सक्तीचा केला. त्याला आय.ई.पी. म्हणतात. मूल आज कुठे आहे, वर्षभरात कुठे पोचायचं, त्यासाठी शाळा काय देणार, किती मिनिटं देणार, आणि पोचलं की नाही हे कसं मोजणार. आम्हा लोकांना हे लगेच समजतं, हे सरळसरळ स्पेसिफिकेशन आहे! आणि ते ज्या बैठकीत ठरतं, त्यात आईबाप हे पाहुणे नाहीत, सभासद आहेत. वाद झाला तर निःपक्ष सुनावणी. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम: वाद मिटेपर्यंत मूल जिथे आहे तिथेच राहील. १९८८ साली सुप्रीम कोर्टानेही हे कलम उचलून धरलं.

तेव्हापासून या खुर्चीची उंची कमी-जास्त होत आली आहे. १९८३ साली पालकांनीच पालकांना हा कायदा समजावून देण्याच्या केंद्रांना केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. आज प्रत्येक राज्यात असं निदान एक केंद्र आहे. २००५ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं की सुनावणी मागणाऱ्यानेच, म्हणजे बहुधा पालकांनी, चूक सिद्ध करायची. त्यावर न्यू जर्सीने २००८ साली आपल्यापुरता कायदा करून ते ओझं पुन्हा शाळेवर टाकलं. २००७ साली आईबापांना वकिलाविना फेडरल कोर्टात उभं राहण्याचा हक्क मिळाला. २०१७ साली कोर्टाने एकमताने सांगितलं की नाममात्र प्रगती पुरेशी नाही, मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती दिसली पाहिजे.

सगळं छान आहे असं नाही. कायदा करताना जादा खर्चाचा ४० टक्के वाटा उचलण्याचं वचन केंद्राने दिलं होतं, ते आजतागायत पाळलेलं नाही. त्यामुळे टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसांच्या डोक्यात कायम बजेट असतं. ती माणसं दुष्ट नसतात, बहुतेक अतिशय कष्टाळू असतात. पण ज्या आईबापांना इंग्रजी येतं, सुट्टी मिळते, वकील परवडतो, त्यांची खुर्ची जरा जास्त उंच असते हे खरंच आहे. शाळेने दुभाषा द्यायचा नियम आहे, पण आपली मराठी मंडळी मागत नाहीत. "आम्हाला येतं की इंग्रजी!" येतं खरं. पण ऑफिसात येतं ते इंग्रजी वेगळं, आणि स्वतःच्या मुलाबद्दल बोलताना घसा दाटून आल्यावर लागतं ते वेगळं.

* * *

त्या मंगळवारी हेच झालं. रिपोर्ट वाचले गेले. मुलगा दुपारनंतर हात चावतो, खुर्ची ढकलतो, वर्गाला त्रास होतो, तेव्हा त्याला गावाबाहेरच्या वेगळ्या शाळेत हलवावं असा प्रस्ताव आला. कागद पुढे सरकला. मित्राने बायकोकडे पाहिलं. तिने पेन उचललं, मग खाली ठेवलं आणि वही उघडली.

"मी मराठीत सांगते, तुम्ही त्यांना सांगा," ती मला म्हणाली.

वहीत सहा आठवड्यांच्या नोंदी होत्या. तारीख, वार, रात्रीची झोप, डबा. मुलाचा डबा मंगळवारी आणि गुरुवारी भरलेला परत येतो. शाळेकडून "आज त्रास झाला" अशी चिठ्ठी येते तीही मंगळवारी आणि गुरुवारी. सोमवार, बुधवार, शुक्रवार डबा रिकामा आणि चिठ्ठी नाही. "या दोन दिवशी जेवणाच्या वेळी तिथे काय असतं?" एवढंच तिला विचारायचं होतं.

टेबलावर क्षणभर कोणी बोललं नाही. मग वर्गशिक्षिका सावकाश म्हणाली, मंगळवारी आणि गुरुवारी शेजारच्या हॉलमध्ये बँडची प्रॅक्टिस असते. जेवणाच्याच वेळी.

कागद मागे गेला. आधी या दोन दिवशी त्याला शांत खोलीत जेवायला बसवून बघायचं, दोन महिन्यांनी पुन्हा भेटायचं, असं ठरलं. जादू वगैरे काही झाली नाही. हात चावणं कमी झालं, बंद झालं नाही. पुढे वेगळे प्रश्न आले, वेगळ्या मीटिंगा झाल्या, काही भांडणंही झाली. पण पोरगा त्याच शाळेत राहिला.

भारतात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयाच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. कागद चांगला आहे. पण कागदाला खुर्ची व्हायला माणसं लागतात. पेनसिल्व्हेनियातही नुसत्या कायद्याने काही झालं नव्हतं, आईबापांनी एकमेकांना गाठून, आपापल्या घरातलं मोठ्याने सांगायला सुरुवात केली तेव्हा झालं. तुमच्या नात्यात, शेजारी, वाड्यात, सोसायटीत असं एखादं घर असेलच. त्यांना सल्ला देऊ नका, तो त्यांना पोत्याने मिळतो. पुढच्या वेळी ते डॉक्टरांकडे किंवा शाळेत जातील तेव्हा विचारा, "मी येऊ का बरोबर? नुसतं लिहून घेईन."

आणि त्या आईला सांगा की वही ठेव.